खेचराने घेतलेला निर्णय

(हा भागाचा लिखित मजकूर. एसटीत रेंज जाते, ऐकता येत नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलं म्हणून. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आज पाचशे वर्षं मागे जायचंय, पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

जून २०१८. मी पुण्यात बीटेकला होतो. परीक्षा संपलेली, रूमवर लोळत होतो. खापरहून मामेभावाचा व्हिडिओ आला. बाइकवरून दोघं जण येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलतात आणि पळून जातात. खाली लिहिलेलं, टोळी आपल्या भागात आली आहे, मुलांना सांभाळा. मी तो व्हिडिओ तीन ग्रुपवर टाकला. घरचा ग्रुप, गावातल्या पोरांचा आणि आमच्या जुन्या बोर्डिंगचा. किती वेळ लागला असेल? चार सेकंद. मग मी मॅगी करायला उठलो.

ज्यांना खापर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं आमचं गाव. थोडं पुढे गेलं की गुजरात, सागबारा. रात्रंदिवस ट्रक. बाजाराला सातपुड्यातून माणसं उतरतात, गुजरातचे व्यापारी येतात, देवमोगराच्या यात्रेला जाणारे थांबतात. म्हणजे अनोळखी माणूस ही आमच्याकडे बातमी नव्हेच. तरी त्या महिन्यात प्रत्येक अनोळखी माणसाकडे लोक वळून बघत होते.

१ जुलैला रविवार होता. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या रैनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. हा भटका समाज, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारा. हे लोक लांबून, सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातून आलेले. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असं तेव्हा पेपरात आलं. तेवढं पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

आणि तो व्हिडिओ? बाइकवाला? तो कराचीतला होता. मुलांवर लक्ष ठेवा, हे सांगायला तिथल्या एका संस्थेने केलेली जाहिरात. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि एक पाटी दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला होता.

माझ्या फॉरवर्डमुळे रैनपाड्यात कुणी मेलं, असं मी म्हणत नाही. माझे तीन ग्रुप खापरचे, रैनपाडा दुसऱ्या जिल्ह्यात. पण त्या महिन्यात जी हवा तयार झाली त्यात माझी एक फुंकर होती, हे मला नाकारता येत नाही. आणि मला जास्त लागलं ते वेगळंच. मला हे शिकवलेलं होतं. अक्षरशः रोज, सात वर्षं.

मी पाचवीपासून एका कॅथलिक शाळेच्या बोर्डिंगमध्ये होतो. नाव सांगत नाही. आम्ही ख्रिस्ती नाही, बोर्डिंगमधली बरीच पोरं नव्हती. पण रात्रीचं जेवण, अभ्यास सगळं झालं की झोपायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं. दिवे अर्धे बंद. फादर म्हणायचे, सकाळी उठल्यापासून आत्तापर्यंत काय काय झालं ते डोळ्यांसमोरून जाऊ द्या. कुणाला थँक्यू म्हणायचं राहिलं, कुणाला त्रास दिला. देवाला सांगायचं असेल तर तुमच्या देवाला सांगा, नाहीतर नुसतं आठवा. आम्ही अर्थातच त्यात झोपायचो. एकदा एक पोरगा घोरला आणि सगळं बोर्डिंग हसलं.

ह्या पाच मिनिटांना मराठी कॅथलिक लोक विवेकपरीक्षण म्हणतात. ते आलं कुठून, हा आजचा विषय.

माणसाचं नाव इग्नेशियस लोयोला. जन्म १४९१, स्पेनच्या उत्तरेचा बास्क प्रदेश. संत वगैरे नंतर झाला. आधी हा सरदार घराण्यातला, तलवार, कपडे, मुली, मानापमान यांत बुडालेला गडी. २० मे १५२१ ला पांप्लोना नावाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा पायावर बसला. पाय जोडला, वाकडा जोडला, परत मोडून जोडला. तरी गुडघ्याखाली हाडाचं एक टोक वर राहिलं. साहेबांना तंग बूट घालायचे होते, म्हणून ते हाड करवतीने कापून घेतलं. भूल नव्हती तेव्हा. सांगायचा मुद्दा, माणूस कसा होता.

महिनोन्‌महिने अंथरुणावर. वाचायला शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या, घरात नव्हत्या. मिळालं काय, तर ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. कधी हा त्या वाचायचा, कधी दरबारातल्या एका बाईची स्वप्नं बघायचा. दोन्ही स्वप्नं बघताना छानच वाटायचं. पण त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. बाईचं स्वप्न संपलं की नंतर कोरडं, रिकामं वाटतं. दुसरं संपलं तरी बरं वाटणं टिकतं. बस्स, एवढंच. विचार येतो तेव्हा कसं वाटतं ते नाही, विचार गेल्यावर मागे काय उरतं ते बघायचं. तुम्ही रात्री दोन तास रील बघून फोन खाली ठेवता त्या क्षणी कसं वाटतं, ते आठवा. तसलं निरीक्षण.

आता खेचराची गोष्ट. ही त्याने स्वतः सांगितलेली आहे. म्हातारपणी त्याने आपली हकिकत एका सहकाऱ्याला तोंडी सांगितली, १५५३ ते १५५५ च्या दरम्यान, आणि त्याने ती लिहून काढली. एका अर्थाने पॉडकास्टच.

१५२२. पाय बरा झालाय, हा मोनसेरातच्या मठाकडे खेचरावर बसून निघालाय. वाटेत एक मूर भेटतो, तोही खेचरावर. गप्पा सुरू होतात, विषय मरियेवर येतो. तिचं कौमार्य प्रसूतीनंतरही टिकलं, हे मूराला पटत नाही. वाद होतो. मूर खेचर पिटाळत पुढे निघून जातो. आणि मागे राहिलेल्या इग्नेशियसच्या डोक्यात चक्र फिरायला लागतं. आपण गप्प बसलो. आईचा अपमान ऐकून घेतला. जाऊन ह्याला खंजीर खुपसायला हवा. की नको?

ठरेना. शेवटी त्याने काय केलं, तर खेचराचा लगाम सैल सोडला. पुढे रस्ता फुटत होता. मूर ज्या गावात जाणार होता तिकडचा रस्ता रुंद, चांगला. खेचर तिकडे गेलं तर मूराला मारायचं. हमरस्त्याने गेलं तर सोडायचं. खेचर हमरस्त्याने गेलं.

विचार करा. पुढे जगभर शेकडो शाळा-कॉलेजं काढणाऱ्या संघाचा संस्थापक, ज्याच्या नावावर ‘विचारपूर्वक निर्णय कसा घ्यावा’ ह्याचं आख्खं शास्त्र आहे, त्याच्या हातून एक खून टळला तो एका खेचरामुळे. आणि ही गोष्ट त्याने झाकली नाही, स्वतःहून सांगितली. मला हा माणूस आवडायला लागला तो इथे.

त्यानंतर मान्रेसा नावाच्या गावी तो जवळजवळ वर्षभर राहिला आणि टिपणं काढायला लागला. त्यांचंच पुढे ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक झालं. १५४८ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. हे वाचायचं पुस्तक नाहीच, मॅन्युअल आहे. रेसिपी नुसती वाचून पोट भरत नाही तसं. त्यात परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. आधी आभार, मग नीट दिसावं म्हणून मागणं, मग दिवसाचा तासातासाने आढावा, मग क्षमा, मग उद्याचं ठरवणं. आभार पहिले, ही मला हुशारी वाटते. सुरुवातच चुका मोजण्यापासून केली तर माणूस दुसऱ्या दिवशी त्या जागी बसणारच नाही.

पण इंजिनिअर म्हणून मला वेड लावलं ते दुसऱ्या गोष्टीने. त्याच पुस्तकात एक आकृती आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन रेघा. एक सवय धरायची, जी सोडायचीय. दुपारच्या जेवणानंतर मोजायचं, सकाळपासून किती वेळा घडली, तेवढे ठिपके वरच्या रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर खालच्या रेघेवर. मग तुलना. दुपारपेक्षा रात्री कमी झाले का, कालपेक्षा आज, गेल्या आठवड्यापेक्षा ह्या. रेघा दिवसागणिक लहान होत जातात, कारण ठिपके कमी व्हावेत ही अपेक्षा. आणि चूक घडली त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांत ठेवला तरी कुणाला कळत नाही. हा लॉग आहे, मंडळी. घडल्या क्षणी नोंद, दिवसात दोनदा रिव्ह्यू, आठवड्याचा ग्राफ. सोळाव्या शतकात.

मला हे सातवीत भेटलं होतं, इग्नेशियसचं नाव न कळता. माझा नवा साबण गायब झाला. नहाणीत पाचवीतला एक पोरगा तसल्याच साबणाने अंघोळ करत होता. मी विचारलं नाही, सरळ कानाखाली दिली. संध्याकाळी साबण माझ्याच बादलीत, टॉवेलखाली सापडला. फादरांनी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. वहीत रेघा मारायला लावल्या. हात उगारावासा वाटला की ठिपका. ‘उगारला की नाही, उगारावासा वाटला की,’ असं दोनदा सांगितलं. पहिल्या दिवशी अकरा ठिपके. मला वाटलं होतं दोनेक असतील.

त्याच पुस्तकात अगदी सुरुवातीला एक सूचना आहे, तिच्याबद्दल मला वाटतं फार कमी बोललं जातं. समोरचा काही बोलला आणि ते चुकीचं वाटलं, तर आधी त्याचा चांगला अर्थ लागतो का बघा. नाही लागला तर त्यालाच विचारा, तुला काय म्हणायचंय. तरीही चूक असेल तर प्रेमाने समजावा. आपल्या कमेंट सेक्शनच्या वर हे लावायला हवं. गंमत म्हणजे हे लिहिणारा तोच, ज्याला मूराला ‘तुला काय म्हणायचंय’ हे विचारायचं सुचलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, पाच मिनिटं डोळे मिटून बसलं की माणूस शहाणा होतो का? नाही. आणि ह्याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे, गोव्यात.

इग्नेशियसचा जुना साथी फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला. त्याच्या मागोमाग जेझुइट, म्हणजे आपल्याकडे ज्यांना येशूसंघीय म्हणतात ते फादर आले, कॉलेज चालवायला लागले. संघाच्या नियमाप्रमाणे शिकाऊ येशूसंघीयांना रोज दोनदा परीक्षण. आणि त्याच काळात साष्टीत देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं ते मध्ये थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. २५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीत चिडलेल्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केलं. त्यातला रुडॉल्फ अक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच फत्तेपूर सिक्रीहून, अकबराच्या दरबारातल्या धर्मचर्चा आटोपून आलेला. मग पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि खटला न चालवता मारलं. एक जण नदीत उडी मारून निसटला असं सांगतात. बोलणी करू म्हणून! म्हणजे थांबण्याचंही नाटक करता येतं.

म्हणून मी ह्या गोष्टीकडे जादू म्हणून बघत नाही. रात्री स्वतःच्या चिडचिडीचे ठिपके मोजणारा माणूस सकाळी कुणाचं देऊळ पाडलं जातंय हे मोजेलच असं नाही. वहीत काय मोजायचं ते आपणच ठरवतो, तिथेच पळवाट आहे.

पण त्याच साष्टीत, त्याच वर्षांत एक इंग्रज येशूसंघीय होता. फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ मध्ये गोव्यात आलेला. कुंकळ्ळीची हकिकत त्याने घरी पत्राने कळवली. मारले गेले ते त्याचे सोबती होते. त्यानंतर हा माणूस तिथेच राहिला, लोकांची भाषा शिकला, पुराणं कशी सांगतात ते समजून घेतलं आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. मराठीत, ओवीत, जवळपास अकरा हजार ओव्या. सुरुवातीलाच प्रसंग आहे की एक ब्राह्मण पाद्र्याला विचारतो, आमची जुनी पुराणं काढून घेतलीत, आता तसं काहीतरी वाचायला द्या ना. म्हणजे पुस्तकाची सुरुवात समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाने होते. हेतू धर्मप्रसाराचाच होता, त्यात काही लपवण्यासारखं नाही. पण तेहतीस वर्षं घालवून समोरच्याच्या छंदात बोलायला शिकणं आणि किल्ल्यात बोलावून मारणं, हे एकाच घटनेला दिलेले दोन प्रतिसाद आहेत.

पुढचं भराभर सांगतो. पोर्तुगालने १७५९ मध्ये येशूसंघाला हाकललं, १७७३ मध्ये पोपनेच तो बंद केला, १८१४ मध्ये परत उभा राहिला. १८५० नंतर मुंबई-पुणे भागात जर्मन फादर आले. पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चं, मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं. आमच्याकडे, खानदेश-सातपुड्यात, कॅथलिक शाळा बऱ्याच नंतर रुजल्या. नाशिक धर्मप्रांत, ज्यात धुळे-नंदुरबार येतात, तो १९८७ मध्ये वेगळा झाला. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, तो १९९८ चा. सगळ्या कॅथलिक शाळा येशूसंघाच्या नसतात, आमचीही नव्हती. पण ही पाच मिनिटं सगळीकडे पसरली.

एक फादर मात्र भराभर सोडवत नाही. पेद्रो आरुपे, हाही बास्क. डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून येशूसंघात आला. ६ ऑगस्ट १९४५ ला तो हिरोशिमाच्या कडेला नागात्सुका इथे नवशिक्यांच्या घराचा प्रमुख होता. सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. दारं-खिडक्या उडाल्या, गावातून भाजलेली माणसं टेकडीकडे यायला लागली. औषधं जवळपास नाहीत. काय करावं? त्याने लिहून ठेवलंय की तो आधी अर्ध्या पडलेल्या प्रार्थनाघरात गेला. काय करायचं ते दिसू दे म्हणाला. आणि बाहेर आला तो आख्ख्या घराचा दवाखाना करायचं ठरवूनच. जमिनीवर चटया, बोरिक पावडर, चादरी फाडून पट्ट्या. दीडशेच्या आसपास माणसं तिथे ठेवली आणि त्यातली बहुतेक वाचली.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण थांबणं म्हटलं की आपल्याला वाटतं टाळाटाळ, मीटिंग, कमिटी. आरुपे आत किती वेळ होता? फार नसणार. माझ्या चार सेकंदांपेक्षा थोडा जास्त. हाच माणूस १९६५ मध्ये संघाचा जगभरातला प्रमुख झाला. पुढे १९९३ मध्ये येशूसंघाने शिक्षकांसाठी एक पद्धत लिहून काढली, त्यात अनुभव आणि कृती ह्यांच्या मधोमध चिंतनाला जागा दिलेली आहे. मधोमध. शेवटी पश्चात्ताप म्हणून नाही.

ऑफिसात आम्ही हेच करतो, फक्त पैसे मिळतात. कोड लिहिला की दुसऱ्याने बघितल्याशिवाय तो पुढे जात नाही. शुक्रवारी संध्याकाळी काही लाइव्ह करायचं नाही, हा न लिहिलेला धर्म. रैनपाड्यानंतर त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं आणि व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. २०१९ च्या जानेवारीत ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. एक टॅप जास्त, एवढाच फरक, आणि फॉरवर्ड पंचवीस टक्क्यांनी कमी झाले, असं कंपनीनेच सांगितलं. लोक शहाणे झाले नव्हते, लगाम फक्त दुसऱ्या कुणाच्या हातात होता.

रैनपाड्याच्या त्याच दिवशी मालेगावातही तसाच जमाव जमला होता. एक कुटुंब, त्यात लहान मूल. तिथे काही स्थानिक माणसं आणि पोलीस मध्ये पडले, त्यांना आत घेतलं, आणि ते वाचले. अफवा तीच होती.

माझं काय झालं ते सांगून थांबतो. २ जुलैला सकाळी बातमी वाचली. आधी व्हिडिओ डिलीट करायला गेलो, पण तेव्हा वेळ टळून गेली होती, ‘सगळ्यांसाठी डिलीट’ येईना. मामेभावाला फोन केला तर तो म्हणाला, ‘दादा, तूच तर गावच्या ग्रुपवर टाकला, मग मी अजून चार ठिकाणी टाकला. तू शिकलेला, तू टाकला म्हणजे खराच असणार.’ हे वाक्य अजून कानात आहे.

मग मी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, की मी टाकलेला व्हिडिओ खोटा होता, पाकिस्तानातली जाहिरात होती, न बघता टाकला, चूक माझी. घरच्या ग्रुपवर काकांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि खाली कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल. गावच्या ग्रुपवर शांतता. बोर्डिंगच्या ग्रुपवर दुपारी एकाचा रिप्लाय आला. पाचवीतला तो पोरगा, ज्याला मी साबणावरून मारलं होतं. त्याने एवढंच विचारलं होतं, ‘दादा, आज किती ठिपके?’

मी लिहिलं, तीन.